फुलीबाईच्या घरची नवाई

माझी गायत्री नोकरीला लागली तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले नाहीत. कोणी विचारलं तर सांगायचं काय? आमची पोरगी समाजकार्याची पदवी घेऊन धडगावच्या डोंगरात म्हाताऱ्या माणसांच्या घरोघर फिरते म्हणून? आमच्या कळसाडीत नोकरी म्हणजे बँक, नाहीतर शाळा, नाहीतर कारखान्याचं ऑफिस. शेजारची काजल शहाद्याला पतसंस्थेत बसते, पंख्याखाली. आमची मात्र उन्हात. मी त्याला नोकरी म्हणतच नव्हते, हिंडणं म्हणायची. "काय गं, आज कुठे हिंडलीस?" असं फोनवर विचारायची, आणि ती बिचारी हसून सांगायची.

मी जमनाबाई. कापसाचं आणि उसाचं घर आमचं, खाऊन-पिऊन सुखी. माझी मराठी शाळेतली. राग आला की अहिराणी बाहेर पडते, आणि राग मला रोज येतो. आमचे हे, बन्सीलाल, फारसं बोलत नाहीत. दोघांच्या वाटचं मीच बोलते.

गायत्रीचं काम काय, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दिवाळीच्या आसपास डोंगरातली माणसं ट्रक भरभरून गुजरातेत ऊसतोडीला जातात. आमच्या उसातही येतात. ती होळीला परततात. मधले महिने पाड्यावर कोण उरतं? ज्यांच्याने कोयता उचलत नाही ते. म्हातारेकोतारे, अधू माणसं. त्यांच्याकडे जाऊन बघायचं, खाल्लं का, औषध घेतलं का, कोणाला दवाखान्यात न्यायचं का. धडगावच्या एका लहानशा संस्थेनं हे काम सुरू केलं आणि माझी पोरगी त्यात शिरली. सहा महिने बघू, जमलं तर पक्कं करू, असं त्यांनी सांगितलेलं. मी म्हटलं, झालं, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला माझीच पोर सापडली. ब्राह्मणपुरीचं चांगलं स्थळ सांगून आलेलं, ते ताटकळत ठेवून ही डोंगरात गेली.

तिच्या वाट्याला जी माणसं आली त्यात एक फुलीबाई. पावरा समाजाची, सत्तरीच्या पुढची, एका टेकडीच्या उतारावर कुडाचं घर, त्यात एकटी. मुलगा करणसिंग बायको-पोरांना घेऊन तोडीला गेलेला. तिकडे धान्य मिळावं म्हणून रेशनकार्डही सोबत नेलेलं. गायत्री पहिल्यांदा गेली तेव्हाच तिला म्हातारी फार वाळलेली वाटली. तिनं मला फोन केला, "मम्मी, आपल्या नव्या ज्वारीचं पीठ दळून पाठव ना. त्या आजीला देते."

मी तोंडाची फाटकी असेन, हाताची नाही. शेतातली नवीकोरी ज्वारी, दोनदा चाळून, बारीक दळून, डबा भरून दिला. वर फडकं बांधलं आणि माझी ती दुहेरी गाठ मारली, जी माझ्याशिवाय कोणाला पटकन सुटत नाही. घरातले त्या गाठीवरून मला चिडवतात. डबा शहाद्याहून जीपनं वर गेला. सोबत गूळ, डाळ, तेलाची बाटली.

आणि म्हातारी वाळतच गेली.

गायत्री दर दोन-तीन दिवसांनी जायची. विचारायची, आजी, जेवलीस का? आजी मान हलवायची, जेवले. पीठ आहे का? आहे. कमी पडलं का? नाही. शेजारपाजारचे विचारायचे तर त्यांनाही तेच, माझ्याकडे धान्य पुष्कळ आहे. पण दंडाला कातडं लोंबायला लागलं, उठताना भिंत धरायला लागली. गायत्रीनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, म्हणाले, अशक्तपणा आहे, रोग काही नाही, पोटभर खाऊ घाला. आता खाऊ घालायला अन्न तर दिलेलं आहे. पोरगी परत विचारते, जेवलीस का? जेवले.

शेवटी म्हातारीनं अंथरूण धरलं. त्या दिवशी गायत्रीचा फोन आला. लहानपणी ती मला माय म्हणायची, कॉलेजात गेल्यावर मम्मी झाले. त्या दिवशी फोनवर पुन्हा माय. "माय, माझ्याच्यानं नाही होत. ती माझ्या डोळ्यांसमोर चालली आणि मला कळतच नाही काय होतंय. मी शिकले काय मग? तू ये आणि ने मला."

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "जा, तिले घर ली ये." मी बोरं, मेथीचे लाडू, भाकरी, ठेचा असा मोठा डबा बांधला आणि सकाळच्या एसटीनं शहाद्याला, तिथून जीपनं घाट चढून धडगावला गेले.

पोरीचं तोंड सुजलेलं होतं रडून. मी तिची बॅग भरली, खोलीला कुलूप लावलं आणि म्हटलं चल. तर म्हणते, "जायच्या आधी एकदा फुलीबाईला भेटून येऊ. न सांगता नाही जायचं मला." आता माणुसकीच्या गोष्टीला नाही कसं म्हणणार? छगन नावाचा एक जीपवाला त्या बाजूला जाणारा होता. त्याच्या जीपमध्ये बॅग टाकली, आम्ही बसलो, त्यानं पाड्याच्या वाटेला उतरवलं आणि म्हणाला, संध्याकाळी परत येतो, इथेच उभ्या रहा. जीप वळणाआड गेली आणि मला आठवलं की जेवणाचा डबा बॅगेच्या शेजारी, जीपमध्येच राहिला. मी स्वतःलाच इतक्या शिव्या घातल्या की गायत्री दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

टेकडी चढून गेलो. मला धाप लागलेली, पोरीच्या पोटात सकाळपासून काही नाही. घरात शिरलो. म्हातारी बाजेवर पडलेली, पांघरुणाखाली माणूस आहे की नाही कळू नये इतकी. आणि मी वर बघितलं तर आढ्याला मक्याची कणसं टांगलेली, पिवळीधमक, ओळीनं. कोपऱ्यात कणगी, तीही भरलेली. मला कळेना, ह्या घरात माणूस उपाशी मरतं तरी कसं?

गायत्री तिच्याजवळ बसली, हात हातात घेतला. मला वाटलं आता निरोप घेईल. तर ही बया काय म्हणाली असेल? मोडक्या पावरी बोलीत, पोटावर हात ठेवून म्हणाली, "आजी, मला भूक लागली. काही देतेस का खायला?"

मी तिला मागून चिमटा काढला. "लाज नई वाटत?" मी पुटपुटले. "मरणाच्या दारातल्या बाईकडे जेवायला मागस?"

पण म्हातारी उठली. मी खोटं सांगत नाही, दोन दिवस न उठलेली बाई भिंत धरून उठली. डोळ्यांत जीव आला. घरी आलेलं माणूस भुकेलं आहे म्हटल्यावर तिची बाईपणाची सगळी रग जागी झाली असणार, मला ते ओळखता येतं. तिनं कोनाड्यातून एक मडकं काढलं, तळाशी हात घातला, आणि झटकून झटकून जेमतेम ओंजळभर ज्वारी सुपात काढली. काळपट, जुनी, गेल्या सालची. जात्यापाशी बसली. तिचा खुंटा फिरेना म्हणून मी समोर जाऊन बसले आणि दोघींनी मिळून ते दळलं.

दळता दळता माझी नजर कणगीमागच्या कोपऱ्यात गेली. माझा पिठाचा डबा. फडकं तसंच, गाठ तशीच, मी मारलेली, दुहेरी. कोणी सोडायचा प्रयत्नही केला नव्हता.

माझं डोकं सणकलं. "काय वं बाई," मी म्हटलं, "मन्हा पीठले काय किडा पडनात का? एवढं दोनदा चाळून धाडलं, आणि तू मडक्याचा तळ खरवडस?"

म्हातारीला माझी भाषा कळली नाही, पण बोट कुठे आहे ते कळलं. ती ओशाळली. बाजारापुरती मराठी येत होती तिला, तेवढ्यात म्हणाली, "ते नवं आहे. देवानं नाही खाल्लं अजून."

गायत्रीच्या कपाळावर आठी पडली. ती उठून बाहेर गेली आणि शेजारच्या घरातून दलसिंगबाबांना घेऊन आली. दलसिंगबाबा म्हणजे त्या पाड्याचे पुजारा, देवाधर्माचं सगळं बघणारे, साधेसे, चांगली मराठी बोलणारे. त्यांनी म्हातारीला चार प्रश्न विचारले आणि मग तेच खाली बसले.

गोष्ट अशी होती. नवं धान्य घरात आलं की आधी नवाई करायची. देवाला आणि घरच्या पूर्वजांना नव्या धान्याचा घास दाखवायचा, मगच माणसांनी तोंडात घालायचा. त्याआधी नवा दाणा खायचा नाही. यंदा पाऊस उशिरा आला, पाड्याची नवाई लांबली, आणि मुकादमाचा ट्रक मात्र लवकर आला. करणसिंगनं मका, ज्वारी घाईनं घरात टाकली आणि गेला. बाकीच्या बहुतेक घरांनी नंतर आपापली नवाई केली. फुलीबाईच्या घरची राहिली, कारण घरातला कर्ता नव्हता. म्हातारी कोणाला बोलली नाही. होळीला पोरगा येईल, नवाई करेल, मग खाईन. तोवर मडक्यातलं जुनं पुरवायचं, रोज मूठभर, मग अर्धी मूठ. कोणी विचारलं तर जेवले म्हणायचं, कारण जेवत तर होती. शेजाऱ्यांनी देऊ केलं तेही नवंच, म्हणून माझ्याकडे पुष्कळ आहे म्हणायची. आणि आम्ही काय पाठवलं? नवीकोरी ज्वारी, कौतुकानं, दोनदा चाळून. सोबतची डाळ, गूळही यंदाचंच, आणि सगळं नवं आहे असं गायत्रीनं देताना सांगितलेलंही.

मला हसावं की रडावं कळेना. अहो, माझ्या सासूनं उभ्या जन्मात नवी बाजरी देवापुढे ठेवल्याशिवाय तव्यावर टाकली नाही. मीही नाही टाकत. घरातला रिवाज डोंगरातही असेल, हे डबा बांधताना कोणाच्या मनात येतं?

गायत्रीनं विचारलं, "बाबा, होळीपर्यंत आजी राहणार नाही. दुसरं कोणी नवाई करू शकतं का?"

दलसिंगबाबा म्हणाले, "आम्ही एकाच कुळातले. मला करता येईल. पण घरच्या कर्त्यानं तोंडानं सांगितलं पाहिजे, माझ्या नावानं करा म्हणून. आणि म्हातारीनं ते ऐकलं पाहिजे. नाहीतर तिच्या घशाखाली उतरणार नाही."

आता त्या घरात मोबाईलला रेंज नाही. रेंज टेकडीच्या माथ्यावर, एका मोहाच्या झाडाखाली. म्हातारीला तिथवर कोण उचलून नेणार? गायत्री म्हणाली, "आजीला नको न्यायला. मुलाचा आवाज मी खाली आणते." आणि गेली चढत. सकाळपासून उपाशी पोरगी, शेळीसारखी चढत गेली. मी खालून बघत बसले.

वर तिचं आणि करणसिंगचं काय बोलणं झालं ते तिनं नंतर सांगितलं. तो उसाच्या फडात होता. आधी त्याला वाटलं आई गेली म्हणून फोन आला. मग गायत्रीनं सगळं सांगितलं. त्याला वाटलेलं, पाड्याच्या नवाईत आईही जेवली असेल. गायत्रीनं त्याला सांगितलं, तुमच्या भाषेत, तुमच्या आवाजात बोला, रेकॉर्ड करा आणि मला पाठवा.

ती खाली आली आणि मोबाईल म्हातारीच्या कानाशी धरला. पोराचा आवाज आला. काय बोलला ते मला शब्दानं कळलं नाही, पण "आया", म्हणजे आई, एवढं कळलं. म्हातारीनं ऐकलं. मग खूण केली, परत. परत लावलं. परत. दलसिंगबाबांनीही ऐकलं आणि म्हणाले, "झालं. घरचा माणूस बोलला. देवाला काय, आवाज ओळखता येतो."

नवाई दुसऱ्या दिवशी सकाळी करायची ठरली. मग फुलीबाईनं त्या ओंजळभर जुन्या ज्वारीची भाकरी केली. एकच झाली. ती तिनं गायत्रीपुढे ठेवली, सगळी. गायत्रीनं मोडून तिला अर्धी देऊ केली तर हात मागे घेतला. उद्या मी नवं खाणार आहे, म्हणाली. माझ्या पोरीनं ती भाकरी मिठासोबत खाल्ली आणि मी तोंड फिरवून बसले. दोन महिने ज्या ज्वारीच्या जिवावर ती बाई जगली, तिचा शेवटचा दाणा तिनं माझ्या लेकराला घातला. ह्याचे उपकार मी कसे फेडायचे, तुम्हीच सांगा. माझ्या घरी कणग्या भरलेल्या आहेत, तरी नाही फिटणार.

संध्याकाळी छगनला खाली जाऊन सांगितलं की आम्ही आज राहतो, उद्या सकाळी ये. डबा तेवढा मागून घेतला, आणि तो शेजारच्या म्हाताऱ्यांनी आणि आम्ही मिळून खाल्ला. फुलीबाई मेथीचा लाडू हातात घेऊन बघत राहिली आणि उद्यासाठी ठेवून दिला.

सकाळी दलसिंगबाबा अंघोळ करून आले. घर सारवलेलं. आढ्याचा मका आणि कणगीतली ज्वारी शिजवून पळसाच्या पानांवर घास काढले. मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली, एकेका पूर्वजाचं नाव घेतलं. कोंबडं होळीला करणसिंगच्या हातून मिळेल, असं देवाला बजावून सांगितलं. मला ते फार आवडलं, देवाशी असं रोखठोक बोललं पाहिजे.

मग मी माझ्या डब्याची गाठ सोडली. पीठ मळलं आणि त्यांच्या चुलीवर, त्यांच्या तव्यावर भाकरी थापली. गायत्री म्हणे, "मम्मी, मी करते." मी म्हटलं, "तू बस तिच्याजवळ. तुला कुठे गोल जमते?"

फुलीबाईनं भाकरी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली. तुकडा मोडला. गायत्री तिच्याकडे बघत होती आणि मी गायत्रीकडे. म्हातारीनं घास चावला, फार वेळ चावला, आणि गिळला. मग दुसरा मोडला. गायत्रीनं तोंडावर हात दाबून धरला होता. मग सरळ मांडी घालून बसली आणि भात कधी द्यायचा, डाळ किती पातळ, एकदम जास्त द्यायचं नाही, डॉक्टरांना काय विचारायचं, हे दलसिंगबाबांशी ठरवायला लागली. मध्येच म्हणाली, "बाबा, अजून कोणाच्या घरची नवाई राहिली आहे का? मी सगळ्यांना हेच आधी विचारणार आता." बाबांनी दोन घरं सांगितली. माझी पोरगी उठून चप्पल शोधायला लागली.

मी कधी तिला तसं बघितलं नव्हतं. पदवीच्या समारंभातही नाही. अंगावरची सगळी मरगळ गेलेली, घाईत असलेल्या बाईचं तोंड. मी चाळीस वर्षं शेतात, घरात राबलेली बाई आहे, ते तोंड मला ओळखू येतं.

छगनच्या जीपचा हॉर्न खालून ऐकू आला. निघताना फुलीबाईनं दलसिंगबाबांना आढ्याची दोन कणसं काढायला लावली आणि माझ्या ओटीत घातली. पेर, म्हणाली. मी वाकून तिच्या पाया पडले. आमच्यात डोंगरातल्या बाईच्या पाया पडत नाहीत, कोणी बघितलं तर चर्चा होईल. होऊ दे.

खाली रस्त्यावर आलो. छगननं मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "बसा दोघी." मी जीपमधून गायत्रीची बॅग ओढून काढली आणि तिच्या हातात दिली.

"मम्मी?" ती म्हणाली.

"खोलीची चावी पर्समध्ये शे," मी म्हटलं. "आणि जेवत जाय टाइमवर. कोणाकडे मागून खा, पण उपाशी राहू नको." तिला मिठीबिठी मारली असती तर मीच रडले असते, म्हणून पटकन जीपमध्ये बसले. ब्राह्मणपुरीवाल्यांना थांबायचं असेल तर थांबतील, नाहीतर जगात स्थळ काय एकच आहे?

घरी पोचले तेव्हा हे ओट्यावर बसून होते. माझ्या मागे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कणसांकडे.

"पोर कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी कणसं देवघरात ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं, "कामवर शे."